फॉरवर्ड स्कॅटर कमी झाला, मग पेशी लहान झाली का?

प्रश्न थोडक्यात असा: जर्कॅट पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी टी-पेशींना) २४ तास एक औषध दिलं आणि मग त्या फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेक पेशी लेझरसमोरून नेऊन मोजणाऱ्या यंत्रावर, चालवल्या. फॉरवर्ड स्कॅटरचा, म्हणजे पेशीने पुढच्या दिशेला विखुरलेल्या प्रकाशाचा, मध्यक ९२ हजारांवरून ६८ हजारांवर आला. गाइडचं म्हणणं, 'पेशी २६ टक्क्यांनी लहान झाल्या' असं लिहून टाक. तसं लिहावं का? आणि २, ६ व १० मायक्रॉनचे बीड्स (ठरावीक मापाचे बारीक मणी) चालवून, त्यांची रेषा काढून, पेशींचा आकार मायक्रॉनमध्ये सांगता येईल का?

दोन्हींचं उत्तर नाही. पण नुसतं 'नाही' घेऊन गाइडच्या केबिनमध्ये गेलात तर दोन मिनिटांत बाहेर याल, म्हणून कारणांसकट लिहितो. वीसेक वर्षं मी ही मशीनं चालवतोय, आणि 'एफएससी म्हणजे साइज, एसएससी म्हणजे ग्रॅन्युलॅरिटी' (फॉरवर्ड स्कॅटर म्हणजे पेशीचं माप, साइड स्कॅटर म्हणजे तिच्यातले कण) ही स्लाइड ट्रेनिंगच्या पहिल्या तासाला मीही कितीतरी बॅचना दाखवली आहे. हे लांबलेलं उत्तर त्याचं प्रायश्चित्त समजा.

आधी शब्दाचा घोळ. मराठीत 'आकार' म्हटलं की गोल की चपटा हेही आलं आणि केवढा हेही आलं. 'केवढा' म्हटलं तरी व्यास, छेदाचं क्षेत्रफळ की आकारमान, हे उरतंच. पेशीचं आकारमान निम्मं झालं तरी तिचा व्यास फक्त २१ टक्क्यांनी घटतो. मग तुमचे २६ टक्के यातल्या कशाचे? खरं तर कशाचेच नाहीत. मशीनने दिलेला ९२ हजार हा आकडा म्हणजे पेशी लेझरसमोरून गेली तेव्हा एका डिटेक्टरवर पडलेल्या प्रकाशाचा विजेत बदललेला ठोका, तोही तुम्ही ठेवलेल्या व्होल्टेजवर. व्होल्टेज दोन घरं खाली आणलं असतं तर तोच आकडा ६८ हजार आला असता, औषधाविना.

आता तो डिटेक्टर काय पाहतो ते बघू. लेझर पेशीवर पडतो आणि पेशीच्या पलीकडे, सरळ रेषेत, फॉरवर्ड स्कॅटरचा डिटेक्टर असतो. पण लेझर थेट त्याच्यावर पडला तर पेशीने विखुरलेला अंधुक प्रकाश त्या झगमगाटात दिसणारच नाही. म्हणून मध्ये एक बारीक दांडी आडवी घातलेली असते, ऑब्स्क्युरेशन बार. दांडीला चुकवून, तिच्या कडेने जो प्रकाश निसटतो तेवढाच मोजला जातो, ढोबळमानाने अर्ध्या अंशापासून दहाएक अंशांपर्यंतचा. दांडीची जाडी आणि हे कोन कंपनीगणिक, मॉडेलगणिक वेगळे. म्हणूनच एकाच रक्ताचे मोनोसाइट आणि ग्रॅन्युलोसाइट (पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार) एका मशीनवर एकमेकांच्या शेजारी बसतात आणि दुसऱ्यावर वेगळ्याच मांडणीत दिसतात. रक्त तेच असतं, दांडी बदललेली असते.

कौलारू घरात दुपारचा कवडसा पाहिला असेल. त्यातली धूळ बाजूने पाहिली तर जेमतेम दिसते. कवडसा जिकडून येतो त्या बाजूला, थोडं तिरकं, तोंड करून पाहा. तेच कण लखलखतात. तरंगलांबीपेक्षा मोठा कण आपला बराचसा प्रकाश पुढच्या दिशेलाच फेकतो. फॉरवर्ड स्कॅटरला पेशी ठळक दिसते ती यामुळे, आणि काटकोनात बसलेल्या साइड स्कॅटरला त्या मानाने फार थोडा प्रकाश मिळतो.

इथपर्यंत 'मोठी पेशी, जास्त प्रकाश' हे ठीकच वाटतं. गडबड पुढे आहे. पेशीच्या कडेवरून वळणारा प्रकाश एका शंकूत पसरतो आणि त्या शंकूची रुंदी व्यासाच्या उलट चालते. हिशोब सोपा आहे: शंकू संपून पहिलं अंधारं कडं येतं त्या कोनाची साइन म्हणजे १.२२ गुणिले तरंगलांबी भागिले व्यास. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पाण्यात शिरला की त्याची तरंगलांबी ३६६ च्या आसपास होते. मग ८ मायक्रॉनच्या लिम्फोसाइटचा, म्हणजे लहानशा पांढऱ्या पेशीचा, शंकू सुमारे ३.२ अंशांवर संपतो, १२ मायक्रॉनच्या पेशीचा २.१ अंशांवर आणि २० मायक्रॉनच्या पेशीचा १.३ अंशांवर. म्हणजे पेशी मोठी होत जाते तसा तिचा प्रकाश वाढतो खरा, पण तो मधोमध गोळा होत जातो, आणि मधोमध तर आपली दांडी उभी आहे. मोठ्या पेशीची वाढीव मिळकत दांडीच खाऊन टाकते. ही गोष्ट मला पहिल्यांदा कागदावर काढून पाहिल्यावर कळली, तोवर मी गेटं मारून, म्हणजे आलेखावर पेशींच्या घोळक्याभोवती चौकट आखून, मोकळा होत होतो.

दुसरी गडबड याहून मोठी आहे, अपवर्तनांकाची, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती मंदावतो त्या आकड्याची. प्रकाश विखुरतो तो पेशी आणि तिच्या भोवतीचं पाणी यांच्या अपवर्तनांकात फरक असतो म्हणून. पाण्याचा, म्हणजे मशीनमध्ये पेशींभोवती वाहणाऱ्या शीथचा, १.३३ ते १.३४. पेशीद्रव्याचा साधारण १.३६ ते १.३९. एवढ्याशा फरकावर सगळा डोलारा. भजी ठेवलेला कागद आठवा: तेलाचा डाग पडतो तिथे कागद अर्धपारदर्शक होतो. कागदाचे धागे तेच, जाडी तीच. धाग्यांमधल्या हवेच्या जागी तेल आलं, फरक कमी झाला, विखुरणं कमी झालं. मरणाऱ्या पेशीचंही असंच होतं. पटल फाटलं की आतली प्रथिनं बाहेर झिरपतात, बाहेरचं पाणी आत येतं, फरक पुसट होतो आणि एफएससी खाली येतो. ती पेशी सूक्ष्मदर्शकाखाली टम्म फुगलेली असू शकते. डॉट प्लॉटवर (पेशीगणिक एक ठिपका असलेल्या आलेखावर) मात्र ती डाव्या कोपऱ्यात, कचऱ्याच्या शेजारी जाऊन बसते, आणि आपण तिला 'लहान पेशी' म्हणतो.

फुगण्यावरून आठवलं. हा प्रयोग कुठल्याही लॅबमध्ये एका दुपारी होतो आणि एकदा करून पाहावाच असा आहे. एकाच पेशींचे तीन भाग करा. एक नेहमीच्या ३०० मिलिऑस्मोलच्या बफरमध्ये, एक २०० च्या पातळ बफरमध्ये, एक ४०० च्या घट्ट बफरमध्ये. लगेच चालवा, कारण पेशी थोड्या वेळात स्वतःला सावरून घेतात. पातळ बफरमध्ये पेशी पाणी पिऊन फुगते, यात वाद नाही. पण आतली प्रथिनं त्याच हिशोबाने पातळ होतात. आकारमान जेवढ्या पटीने वाढलं तेवढ्या पटीने अपवर्तनांकातला फरक घटला. व्यास मात्र फक्त घनमुळाने वाढला. पेशीतून जाणारी लाट बाहेरच्या लाटेपेक्षा किती मागे पडते हे या दोघांच्या गुणाकारावर ठरतं, आणि तो गुणाकार कमी होतो. म्हणून फुगलेल्या पेशीचा स्कॅटर उतरलेला दिसू शकतो आणि आक्रसलेल्या पेशीचा चढलेला. साइज मोजणारं यंत्र असं उलटं वागलं तर आपण ते दुरुस्तीला पाठवू. इथे यंत्र बरोबर आहे, आपण त्याला भलतं नाव दिलं आहे.

आकड्यात सांगतो. ८ मायक्रॉनच्या लिम्फोसाइटचा फरक ०.०३५ धरला तर तिच्यातून गेलेली लाट ०.२८ मायक्रॉन मागे पडते, म्हणजे अर्ध्या तरंगलांबीहून थोडी जास्त. अर्धी लांबी म्हणजे एका लाटेच्या चढावर दुसरीचा उतार येण्याची जागा. याच पट्ट्यात लाटा एकमेकींना कधी बळ देतात, कधी मारतात, त्यामुळे स्कॅटर व्यासाबरोबर सरळ चढत नाही, हेलकावे खातो. गोल, एकजिनसी कणांसाठी हे सगळं गणित गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये मांडून ठेवलं, तेही पाण्यातल्या सोन्याच्या कणांचे रंग समजावताना. पेशीत केंद्रक, मायटोकाँड्रिया, कणिका असल्याने हे हेलकावे बरेचसे पुसले जातात. बीड्समध्ये ते स्वच्छ दिसतात.

मग 'एफएससी म्हणजे साइज' आलं कुठून? पेशी मोजण्याची आणि मापण्याची जुनी पद्धत विजेची. वॉलेस कोल्टरला १९५३ मध्ये तिचं पेटंट मिळालं: बारीक छिद्रातून पेशी गेली की ती जेवढं खारं पाणी बाजूला सारते तेवढा विजेचा अडथळा वाढतो, आणि तो खरोखर आकारमानाच्या प्रमाणात असतो. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या फुलवायलरने १९६५ मध्ये पेशी वेगळ्या करणारं यंत्र दाखवलं, तेही याच विजेच्या मापावर चालणारं. १९६९ मध्ये तिथल्याच मुलेनी आणि सहकाऱ्यांनी हेच काम प्रकाशाने करून पाहिलं. अर्ध्या ते दोन अंशांच्या अरुंद पट्टीत, गोल आणि एकजिनसी कण धरले, तर विखुरलेला प्रकाश आकारमानाच्या जवळपास प्रमाणात येतो असं त्यांचं गणित होतं. गोल, एकजिनसी, अगदी लहान कोन: तिन्ही अटी महत्त्वाच्या. पुढे कोन रुंदावले, पेशी तऱ्हेतऱ्हेच्या आल्या, अटी गळून पडल्या आणि स्लाइडवर तीन शब्द उरले.

अटी पाळल्या तर काय होतं याचं सुंदर उदाहरण रक्ततपासणीत आहे. तांबडी पेशी चकतीसारखी, मध्ये खोलगट. ती लेझरसमोर आडवी आली की उभी, यावर तिचा स्कॅटर बदलतो. एकाच माणसाच्या, एकाच मापाच्या पेशी हिस्टोग्रामवर फाकून, कधी दोन शिखरं करून दिसतात. १९८० च्या दशकात टेक्निकॉनच्या एच-१ यंत्रात यावर उपाय निघाला. पेशींना आधी रसायनाने आकारमान न बदलता गोल करायचं, मग स्कॅटर दोन वेगवेगळ्या कोनांत मोजायचा: २ ते ३ अंशांत एकदा आणि ५ ते १५ अंशांत एकदा. अज्ञात गोष्टी दोन, आकारमान आणि हिमोग्लोबिनची घनता, कारण तांबड्या पेशीचा अपवर्तनांक हिमोग्लोबिनच ठरवतं. समीकरणंही दोन. गुस्ताव मीच्या गणिताने दोन्ही उत्तरं प्रत्येक पेशीगणिक मिळतात. लोह कमी पडलेल्या रक्तात फिकट पेशींचं प्रमाण चढतं आणि थॅलेसिमिया मायनरमध्ये लहान पेशींचं, हा फरक असा पकडता येतो. आपल्याकडे हे दोन्ही आजार घरोघरी आहेत, त्यामुळे ही केवळ भौतिकशास्त्राची हौस नाही. मुद्दा एवढाच की तुमच्या मशीनवर पेशी गोल केलेल्या नाहीत आणि समीकरण एकच आहे. एका समीकरणातून दोन अज्ञातं निघत नाहीत, हे आठवीच्या मुलालाही पटेल.

बीड्सचं उत्तर यातच आलं. नेहमीचे बीड्स पॉलिस्टायरीनचे, त्यांचा अपवर्तनांक १.५९. पाण्याशी त्यांचा फरक ०.२५ च्या घरात, पेशीचा ०.०३ ते ०.०५. म्हणजे सोन्याच्या वजनकाट्यावर कापूस तोलून तोळ्यांत भाव सांगण्यासारखं. तीन बीड्समधून काढलेली रेषा सरळ आली तरी ती पॉलिस्टायरीनची रेषा आहे. सिलिकाचे बीड्स पेशीच्या थोडे जवळ येतात, पण तेही पेशी नव्हेत. बीड्स रोज चालवाच, पण लेझर आणि मशीनमधली नळी कालच्यासारखी आहे ना हे पाहायला.

अगदी बारीक कणांत ही चूक फारच महाग पडते. कण तरंगलांबीपेक्षा बराच लहान झाला की प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने घसरतो. २०० नॅनोमीटरवरून १०० वर आलात की ६४ पट कमी. पेशींनी सोडलेल्या पुटिकांवर काम करणारे २०० नॅनोमीटरचे बीड्स दिसले म्हणून '२०० पर्यंत दिसतंय' म्हणतात. त्यांच्या गेटात त्या मापाची पुटिका बहुधा आलेलीच नसते, तिचा अपवर्तनांक फार कमी. अशा कामाला ४०५ चा जांभळा लेझर बरा, कारण तरंगलांबीच्या चौथ्या घातामुळे तेवढ्याच कणातून प्रकाश दुप्पट मिळतो. स्कॅटर म्हटलं की आपल्याला रामन आठवतात, पण इथला सगळा स्कॅटर तरंगलांबी न बदलणारा. रामन परिणाम मशीनमध्ये दिसतो तो वेगळ्या ठिकाणी: ४८८ च्या लेझरने पाण्याचा रामन प्रकाश ५८५ नॅनोमीटरच्या आसपास येतो, बरोबर पीई या चमकणाऱ्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये, आणि पार्श्वभूमी थोडी वर उचलतो. विषयांतर झालं, असो.

हे सगळं वाचून एफएससी निकामी आहे असं समजू नका. एकाच प्रकारच्या जिवंत पेशी, एकच बफर, एकच सेटिंग, एकाच बैठकीत चालवलेल्या, अशा वेळी तो चांगला इशारा देतो. लिम्फोसाइट उद्दीपित केले की ४८ तासांत एफएससी उजवीकडे सरकतो आणि त्या पेशी खरोखर मोठ्या झालेल्या असतात. थ्रेशोल्डला (किती प्रकाशाखालचे ठोके मोजायचेच नाहीत ते ठरवायला), कचरा वगळायला, डबलेट (चिकटून गेलेल्या दोन पेशी) काढायला तो रोज लागतो. पण ओळख पटवायला त्याच्यावर विसंबू नये, हे रक्ताच्या लॅबने केव्हाच शिकून घेतलं. आमच्या पिढीतले बरेच जण फ्लो शिकले ते एचआयव्हीच्या रुग्णांच्या सीडी४ पेशी मोजता मोजता. सुरुवातीला एफएससी-एसएससीवर लिम्फोसाइटचा गेट मारायचो. नमुना दुसऱ्या दिवशीचा असला किंवा तांबड्या पेशी नीट फुटल्या नसल्या की गेटात काय काय यायचं. सीडी४५ (पांढऱ्या पेशींवरची खूण) विरुद्ध साइड स्कॅटर सुरू झालं आणि डोकेदुखी निम्मी झाली.

एक कबुलीही देऊन टाकतो. फार पूर्वी, ज्या लॅबमध्ये होतो तिथे, आम्ही तीन आठवडे 'औषधाने पेशी आक्रसतात' या आनंदात होतो. एफएससी दर वेळी घसरायचा, अगदी नेमाने. एके दिवशी दोन्ही नळ्यांतला एकेक थेंब काचपट्टीवर घेतला तर पेशी सारख्याच. शोध घेतला तेव्हा कळलं: औषधाची नळी रात्री उशिरा तयार व्हायची म्हणून ती पेशी टिकवून ठेवणाऱ्या ('फिक्स' करणाऱ्या) पॅराफॉर्मल्डिहाइडमध्ये ठेवली जायची, आणि कंट्रोल सकाळी ताजी चालवली जायची. फिक्स केल्याने स्कॅटर बदलतो. सॅपोनिन किंवा मिथेनॉलने भोकं पाडली तर आणखी बदलतो. आम्ही औषध नव्हे, फिक्सेटिव्ह मोजत होतो.

आता तुमच्या जर्कॅटकडे. सगळ्यांत आधी मध्यक बाजूला ठेवा आणि हिस्टोग्राम बघा. सगळी टेकडी डावीकडे सरकली आहे की टेकडी जागेवरच आहे आणि डावीकडे दुसरा उंचवटा उगवला आहे? दुसरा प्रकार असेल तर तुमच्या जिवंत पेशी बहुधा लहान झालेल्या नाहीत, फक्त मेलेल्या पेशी वाढल्या आणि त्यांनी मध्यक ओढला. २४ तासांच्या औषधाला मला हाच पहिला संशय येतो. ७-एएडी किंवा डापी (मेलेल्या पेशींत शिरणारे रंग) घालून मेलेल्या वगळा, ठोक्याची उंची विरुद्ध क्षेत्रफळ लावून डबलेट काढा, आणि उरलेल्यांचाच एफएससी पाहा. थ्रेशोल्ड फार वर असेल तर टेकडीची डावी बाजू कापली जाते, तेही बघून घ्या.

एवढं करूनही टेकडी सरकलेली असेल तर अॅनेक्सिन (मरणाच्या वाटेवरच्या पेशींना चिकटणारं प्रथिन) लावा. अपॉप्टोसिसमध्ये, म्हणजे पेशीच्या आखीव मरणात, पेशी खरंच आक्रसते, आणि सुरुवातीच्या टप्प्यात एफएससी उतरताना एसएससी चढतो. ही जोडी दिसली तर बराच उलगडा होतो. डीएनएचा रंग लावून पेशीचक्र पाहा. औषधाने पेशी जी-१ मध्ये (डीएनए दुप्पट होण्याआधीच्या टप्प्यात) अडकल्या असतील तर सरासरी पेशी लहान दिसणारच, कारण विभाजनाच्या उंबरठ्यावरच्या मोठ्या पेशी कमी झाल्या. हे 'आक्रसणं' नव्हे, आणि लेखात दोन्हींचा अर्थ वेगळा होतो.

खरं माप हवं असेल तर ते दुसरीकडून आणा. शेजारच्या विभागात कोल्टर तत्त्वावरचा काउंटर असेल तर त्याच नळीतल्या पेशी त्यावर चालवा. आकारमान थेट फेमटोलिटरमध्ये मिळेल. नसेल तर सूक्ष्मदर्शक आणि दोनशे पेशींचे फोटो. सॉर्टर (पेशी वेगळ्या करणारं यंत्र) हाताशी असेल तर एफएससी जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या पेशी वेगळ्या करून काचपट्टीवर बघा, गाइडना यापेक्षा पटणारा पुरावा नाही. लेझरच्या झोताच्या उंचीपेक्षा मोठ्या पेशी असत्या तर ठोक्याची रुंदी वापरा म्हणालो असतो, कारण झोत ओलांडायला लागणारा वेळ अपवर्तनांकाकडे फारसा बघत नाही. जर्कॅटसाठी ती फार खात्रीची नाही.

लेखात सध्या एवढंच लिहा: 'औषध दिलेल्या जिवंत, एकेकट्या पेशींचा फॉरवर्ड स्कॅटर कंट्रोलपेक्षा कमी आढळला', सोबत मशीनचं मॉडेल आणि लेझर. टक्के द्यायचेच असतील तर ते स्कॅटरच्या तीव्रतेचे आहेत हे त्याच वाक्यात यायला हवं. 'लहान' हा शब्द काउंटरचा आकडा हातात आल्यावर.

तुमच्या पेशी फिक्स केल्या होत्या का आणि दोन्ही नळ्या एकाच बैठकीत चालवल्या होत्या का, हे प्रश्नात आलेलं नाही. तेवढं कळवा, आणि दोन्ही हिस्टोग्राम एकावर एक टाकून दाखवता आले तर पुढचं बोलू.